वाढत्या अंगाचं तळं

माशांना उन्हाळ्यात गारवा हवा तर तळं खोल पाहिजे, असं गवंड्याचं म्हणणं. खोल तळं खणलंत तर मी पोरीला घेऊन माहेरी चालले, हे बायकोचं. शिंपी बिचारा कात्रीत सापडला. परसात तळं असावं, लाल मासे फिरावेत, कडेच्या पायरीवर कमळाच्या कुंड्या बुडवाव्यात, हे त्याचं जुनं वेड.

शेवटी त्याने धंद्यातली रीत वापरली. माप अंगावरच घ्यायचं. चिमीला, आपल्या लहानग्या लेकीला, त्याने कोरड्या खड्ड्यात उभं केलं आणि तिच्या कंबरेशी खडूची रेघ ओढली.

“इथवरच पाणी. बुडायचा प्रश्नच नाही.”

“मासे उकडून निघतील की हो,” गवंडी कुरकुरला.

“मग वाढत्या अंगाचं धरा!” शिंपी हसला. पोरासोरांचे कपडे तो तसेच शिवायचा. गवंडीही हसला आणि रेघेच्या हिशोबाने सिमेंटचा तळ घोटून गेला.

दर रविवारी शिंपी गुडघ्यापर्यंत पँट दुमडून तळ्यात उतरे. सडकी पानं वेचायची, शेवाळ खरवडायचं, थोडं पाणी बदलायचं. चिमीही लुडबुडायला उतरे. पाणी तिच्या बरोब्बर कंबरेला लागे.

वर्ष सरलं. चिमीचे फ्रॉक आखूड झाले, शिंप्याने दुमड उसवून लांब केले. तळ्यात मात्र पाणी तिच्या कंबरेलाच. आणि त्याची पँट आता भिजत होती.

गवंड्याला बोलावलं. त्याने हात घालून तळ चाचपला. “तडा नाही कुठे. काम माझंच आहे, दादा. पण एवढं खोल मी खणलं नव्हतं.” चहाला न थांबता तो निघून गेला.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. “ते तिच्याबरोबर वाढतंय. आजच्या आज बुजवा.”

शिंप्यालाही पहिल्यांदाच त्या पाण्याची भीती वाटली. मासे शेजाऱ्यांच्या हौदात गेले, पाणी उपसलं. दोघं घमेल्याने माती टाकू लागली. खड्डा निम्मा भरला, तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

घरातून चिमीची हाक आली.

“बाबा, नळाला हात पुरत नाहीये!”

“सकाळी पुरत होता ना गं?”

“आता नाही पुरत.”

तो हात झटकत आत गेला. चिमी बेसिनपाशी चवड्यांवर उभी होती. परवाच बेतून शिवलेला, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक तिच्या घोट्यांवर आला होता. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती.

बाहेर बायकोने आणखी एक घमेलं ओतलं.

फ्रॉकची कड फरशीला टेकली.