बंद खोलीतलं घुमणं

“श्शूऽ! चपला काढ आधी!” श्रद्धानं सनीचा दंड घट्ट धरला.

मे महिन्यातली भर दुपार. कॅम्प चारच्या त्या गल्लीत ऊन असं पसरलं होतं, की सावल्यासुद्धा भिंतीला चिकटून बसल्या होत्या. आणि बंद दाराआड कुणीतरी घुमत होतं. घूंऽऽ... घूंऽऽऽ... चढत, उतरत, पुन्हा चढत. अंगात आलेल्या बाईनं घुमावं तसं.

“आत कुणीच नाहीये, ताई,” सनी पुटपुटला. “पप्पा बाहेर, मम्मी ड्यूटीवर, आजी गॅलरीत!”

श्रद्धानं दार लोटलं. खोली खरंच रिकामी होती. कोपऱ्यात टेबलावर सनीच्या पप्पांचा, महेंद्रकाकांचा कॉम्प्युटर. पडदा काळाकुट्ट, पण टेबलाखालचा डबा धापा टाकत होता. त्याचा गरम वारा तिच्या पोटऱ्यांना लागला. तिनं माउसला नुसतं एक बोट टेकवलं.

आवाज थांबला. पाहुणा दारात आला की घरातलं भांडण गप्प होतं ना, अगदी तसा!

“मी जातो,” सनी म्हणाला. पण त्याचे पाय काही हलेनात.

श्रद्धा चामटोलीहून सुट्टीला आली होती, ती आजीच्या ओढीनं. भिमाबाईआजीच्या ओव्या साऱ्या गोतावळ्यात नावाजलेल्या. दिवाळीत श्रद्धानं हट्टानं तिला माइकसमोर बसवून त्या याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या होत्या. पुढे आजीच्या घशाचं ऑपरेशन झालं. आजी वाचली, आवाज मात्र गेला तो गेलाच. आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. या घुमणाऱ्या डब्यात!

आणि सकाळीच काकांनी जाहीर केलं होतं, “एक अक्षर टाइप करावं, चहा पिऊन यावं, तेव्हा ते उमटतं! लग्नपत्रिकांची निम्मी गिऱ्हाइकं पळाली. संध्याकाळी दुकानात नेतो. फॉरमॅट मारला, आतलं सगळं पुसलं, की विषय खल्लास!”

“काका, आणि आजीच्या ओव्या?”

“सांगीन गं दुकानवाल्याला. निघाल्या तर निघाल्या.”

तांदूळ निवडणाऱ्या आजीचा हात सुपातच थांबला होता. श्रद्धानं तो पाहिला होता. काकांनी नाही.

“लिंबू ओवाळूया का?” सनीनं आता विचारलं. गॅलरीतून आजीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्यानं ते लिंबू मुकाट्यानं सरबतात पिळलं! बाबासाहेबांना मानणाऱ्या या घरात भुताखेतांना थारा नव्हता.

“सोनियाला बोलव,” श्रद्धा म्हणाली.

सोनिया समोरच्या ब्लॉकमधली. आठवी पास झालेली, कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी, आणि बोलायला लागली की सिंधी, हिंदी, मराठी सगळं एका ताटात वाढणारी.

“ओव्या पेनड्राइव्हवर घेऊन टाकू?” ती येताच श्रद्धानं विचारलं.

“पागल आहेस का? आत व्हायरस असला तर तोपण पेनड्राइव्हमध्ये बसून येईल! आमच्या शाळेत एका पेनड्राइव्हने पूरी लॅब झोपवली होती. पहिले बघू, आत कोण काय करतंय.” तिनं पडद्यावर एक खिडकी उघडली. कुठला प्रोग्रॅम किती राबतोय, ते तिच्यात दिसत होतं. “देख! सगळे आराम करतायत. काहीच नाही.”

तिनं खिडकी मिटली. तिघं दाराबाहेर आली. मागे दार ओढून घेतलं.

घूंऽऽ... घूंऽऽऽ...

सोनियाचा चेहरा पांढरा पडला. “आपण बघतोय हे... त्याला कळतं?”

टळटळीत उन्हात श्रद्धाच्या अंगावर शहारा आला. बघितलं की लपतं, पाठ फिरली की उठतं! मग त्याला बघायचं कसं?

विचार करता करता तिची नजर दाराबाहेरच्या वीजमीटरवर गेली. जेवढी वीज जास्त, तेवढा वेगानं मिचकणारा त्यावरचा इवलासा लाल दिवा लुकलुक लुकलुक करत होता. घाबरलेल्या पाखराच्या छातीसारखा.

“सनी, घरातलं सगळं बंद कर! पंखे, दिवे, फ्रिज!”

“फ्रिज? माझी कुल्फी आहे त्यात!”

“कुल्फीचं पाणी झालं तरी चालेल! फक्त कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा चालू ठेव.”

सगळं बंद झालं. घामाच्या धारा लागल्या. घर असं निपचित पडलं, की ते घुमणं भिंतींतून आल्यासारखं वाटू लागलं. मीटरचा दिवा अजून भराभरा मिचकत होता.

“सनी, माउस हलव!” मीटरपाशी उभी राहून श्रद्धा ओरडली. दिवा मंदावला. “सोड!” थोड्या वेळानं दिवा पुन्हा धावू लागला. “सापडलास! तू आमच्यापासून लपशील रे. खाल्लेली वीज कुठे लपवशील?”

“आता माउसला हात नको लावू,” सोनिया म्हणाली. “इंटरनेटची वायर खेच.”

सनीनं वायर ओढली. घुमणं हळूहळू विरलं, दिवाही मंद झाला.

“म्हणजे याचा धनी बाहेर आहे!” सोनियानं टाळी दिली. “सर सांगत होते. असा प्रोग्रॅम चोरून शिरतो आणि कुठल्या तरी लांबच्या माणसासाठी डिजिटल नाणी बनवत बसतो. मशीन तुमची, वीज तुमची, कमाई त्याची! कोणी बघितलं की एकदम शरीफ बनतो.”

“वेठबिगारी!” श्रद्धाच्या तोंडून शब्द निघाला, आणि गॅलरीतली आजी ताडकन उठून आत आली. वेठ म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोनियानं सुरक्षेचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. “अंकलने रखवालदारालाच सुट्टी दिलीय! सगळं बंद!” तिनं ते चालू केलं, वायर जोडून अपडेट उतरवलं, वायर पुन्हा काढली. “आता ऑफलाइन तपासणी. मशीन बंद होऊन चालू होईल, पण बाकी कोणी उठायच्या आधीच झडती घेईल.”

“म्हणजे त्याला झोपेतच पकडायचं!” सनी कुजबुजला.

पडदा काळा झाला. एक पट्टी मुंगीच्या पायांनी सरकू लागली. उन्हं कलली तरी ती निम्म्यावर आली असेल-नसेल, तोच जिन्यावर पावलं वाजली.

“चला, वायरी काढा! रिक्षा थांबलीय खाली!” महेंद्रकाका.

“काका, थोडंच राहिलंय!”

“खेळत बसलाय होय रे? बाजूला व्हा!” काकांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

पण बटणावर आधीच एक हात होता. सुरकुतलेला, शांत. आजी भिंतीला पाठ लावून उभी होती.

“आई, रिक्षावाला ओरडतोय!”

आजी हलली नाही. खालून भोंगा वाजला. पट्टी सरकत राहिली. पडदा उजळला, आणि लाल अक्षरांत एक ओळ उमटली.

“मिला!” सोनिया किंचाळली. “अंकल, हा बघा! तुमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये लपला होता. काढून टाकला!”

काकांचा चेहरा पडला. “ते... फुकटचे फॉन्ट उतरवले होते, हजार डिझाइनचे. सारखी ‘धोका, धोका’ अशी पाटी यायची. वैतागून ती बंदच केली.”

“घर जळतंय म्हणून कुत्रं भुंकलं, तर तुम्ही कुत्र्यालाच हाकललंत!” सनी म्हणाला.

“अंकल, आता सगळे पासवर्ड बदला. बँकेचा पहिले!”

काकांनी मान डोलावली. मग सगळे बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि कान लावून उभे राहिले. शेजारच्या शिलाई मशीनची खडखड, एक कावळा. बस्स! आत नुसती शांतता होती, रिकाम्या खोलीत असते तशी.

श्रद्धानं आत जाऊन ओव्यांची फाइल उघडली.

*दारच्या गं चांदणीला सांगते मी, नको ढळू,*
*नात अक्षर गिरवी, थांब थोडी, माझे साळू...*

आजी दारातच थबकली. स्वतःचा आवाज ऐकता ऐकता तिचे ओठ हलू लागले.

काकांनी डोळे पुसले. “पोरांनो, चुकलं माझं. मी आईचा आवाज पुसायला निघालो होतो, आणि तुम्ही तो राखलात. शाबास! या घरचे खरे रखवालदार तुम्ही!” आणि ते रिक्षावाल्याला परत पाठवायला खाली धावले.

आजी पुढे आली. तिनं श्रद्धाच्या, सनीच्या, सोनियाच्या गालांवरून हात फिरवले, ते आपल्या कानशिलांवर नेले आणि दहाही बोटं कडाकडा मोडली. एवढा मोठा आवाज त्या घरात आजीनं कित्येक महिन्यांत केला नव्हता!