गुडघ्यांमधली उशी

त्या दिवशी मी फक्त उशी भरून आणायला लखनौतल्याच तेलीबागच्या बाजारात गेलो होतो. त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. बसा, दिवा जरा इकडे ओढतो.

माझा मयूर लखनौला बँकेत. चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये बँकेच्या कामाने मलिहाबादची आमराई बघायला गेला, पिकल्या दशहरी आंब्यासाठी हौसेने फांदीवर चढला आणि पडला. मणक्याला मार बसला. कमरेखालचं काही कळेना. ऑपरेशन झालं, पुढे व्यायामाच्या वॉर्डात आणलं. त्याची आई लहानपणीच गेलेली, म्हणून गावाकडून मी आलो.

माझं काम एकच. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. त्याला दोघं लागतात. मी खांदे धरायचो, सरला आया पायांशी. ती "एक, दो, तीन" म्हणायची, की ओंडका वळवावा तसं अख्खं अंग एकदम वळवायचं. मग गुडघ्यांमध्ये उशी. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून ज्या कुशीवर निजवला त्या बाजूच्या दांडीला लाल दोरा बांधायचो.

डॉक्टर विभाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "बाबूजी, कमर के नीचे लाली आ गई है. चमड़ी फटी, तो कसरत महीनों बंद."

म्हणजे पोरगं उभं राहायचं ते राहिलंच.

जुनी उशी फाटली होती. नवी भरून घेऊन उन्हातून परत आलो. बारा वाजता सरलाने आणि मी त्याला डाव्या कुशीवर घेतलं. "दो बजे आती हूँ," म्हणून ती गेली. वीज गेलेली. पंखा थांबला. मयूर डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून पडला होता. फिनेलचा वास, त्यात नव्या कापसाचा. सगळा वॉर्ड पेंगत होता. मी भिंतीला टेकलो... जरासाच.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर पिवळं पडलं होतं. दारात सरला धापा टाकत उभी.

"बाबूजी, माफ करना... नीचे रोक लिया था. पाँच बज गए."

पाच तास एका कुशीवर! धडपडत उठलो.

मयूर उजव्या कुशीवर होता. गुडघ्यांमध्ये उशी, नीट दाबून बसवलेली. लाल दोरा उजव्या दांडीला.

"सरलाबाई... तुम्ही?"

"मैं तो अभी आई!"

मयूरने टॉवेल काढला. "काय आबा, झोपेत होतात का? तुम्हीच खांदे धरले असणार. आणि सरलाजी, मराठी कब सीखी? एक, दोन, तीन म्हणालात की. अगदी आमच्या गावच्या हेलात."

सरलाचा चेहरा उतरला. त्या वॉर्डात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

"हात मात्र काय गार," मयूर म्हणाला. "घोट्यावर बर्फ ठेवल्यासारखा..."

सरलाने वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "भैया... टखने पे? आपको पता चला?"

तीन महिने त्या घोट्याला काही कळत नव्हतं.

विभाबाई धावत आल्या. त्याला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा फिरवू लागल्या. तो म्हणत गेला, "हाँ... नहीं... हाँ... हाँ." लाली फिकटली होती, कातडी शाबूत. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

"आबा, आता भुताला पेढे द्यायचे का?" मयूर म्हणाला.

"शुभ-शुभ बोलो भैया!" सरलाने त्याच्या दंडावर चापट मारली, आणि मग तीही हसली.

आता तो काठी घेऊन चालतो, बँकेत जातो. ते कोण होतं, मी कधी विचारलं नाही. पोराचे पाय परत आले, मला तेवढं पुष्कळ. छातीवरचा धोंडा उतरला तो उतरलाच.

फक्त हल्ली, मयूरच्या तेलीबागच्या घरी दुपारी एकटाच आडवा होतो तो डाव्या कुशीवर, आणि उठतो उजव्या. म्हाताऱ्या माणसाचं एवढं चालायचंच.

पण गुडघ्यांमध्ये उशी असते. घोटे गार पडलेले असतात. आणि कोणी येऊन कूस बदलावी असं मला काहीच झालेलं नाही; माझे पाय तर अजून धडधाकट आहेत...