सगळं घरच पेशंट

पहिल्या दिवशी त्याने बीपीचा पट्टा बाबांऐवजी माझ्याच दंडाला गुंडाळला. चूक त्याची नव्हती. सुई टोचतील या धास्तीने बाबा माझ्या पाठीमागे लपले होते आणि स्टुलावर मी बसले होते!

"पेशंट मी नाही... ते," मी मागे बोट केलं.

"मग तुमची नाडी का एवढी पळतेय?"

"जिने चढून आलेय."

"दवाखाना तळमजल्यावर आहे," तो म्हणाला आणि हसला. मेलेच मी!

तो आमच्या वस्तीच्या दवाखान्यातला नर्स. पुरुष नर्सला तिथे सगळे 'ब्रदर' म्हणतात. माझ्या जिभेवर तो शब्द काही केल्या येईना. पाय मात्र तिकडेच वळत. आईची शुगर, आत्याचे गुडघे, काकांचा खोकला – एकेकाला धरून मी त्याच्यासमोर नेऊन बसवलं. तो हळुवार हाताने पट्टा बांधायचा आणि मान न उचलता विचारायचा, "घरात मीठ जास्त कोण घालतं?"

"मीच."

"वाटलंच."

एवढ्या एका शब्दावर माझा आठवडा निघायचा.

"आता फक्त मांजर तपासायचं राहिलंय," बाबा म्हणाले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पण त्या 'वाटलंच'च्या पलीकडे तो काही जाईना. कामाव्यतिरिक्त एक अक्षर नाही. आवडते तरी का मी याला?

आज बाबांना घेऊन गेले, तर थोरल्या सिस्टरबाईंनी दारातच गाठलं. "भेटून घे गं. आज शेवटचा दिवस त्याचा. नदीपलीकडच्या दवाखान्यात चाललाय."

मी तडक आत शिरले. बाबा तोवर स्टुलावर बसले होते आणि तो त्यांना पट्टा बांधत होता.

"बदली झाली म्हणे?" मी विचारलं.

"झाली नाही. मीच मागून घेतली." त्याने रबरी फुगा दाबला... पुन्हा दाबला.

"छान!" माझा आवाज चिरकला. "कंटाळलात आम्हाला. साहजिकच आहे."

"अहो, ऐका तरी! इथे नियम आहे, पेशंटच्या घरच्यांशी कामापुरतंच बोलायचं. म्हटलं, वडिलांचं बीपी ताळ्यावर येईल, मग बोलू. तर तुम्ही आईंना आणलंत! मग आत्याबाई! मग काका! सगळं घरच पेशंट करून टाकलंत. शेवटी... मलाच हलावं लागलं इथून."

म्हणजे मी जीव तोडून जवळ जायला बघत होते आणि दर खेपेला त्याचं तोंड आणखी बंद करत होते? वेंधळी कुठली! हसू आणि रडू एकदमच आलं.

"उद्यापासून तुमच्यापैकी कुणीच माझा पेशंट नाही," तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. "मला तुम्ही आवडता. खूप. याल तिकडे... चहाला? कुणालाही तपासायला न आणता?"

"मी... म्हणजे... मी..."

"अगं ए!" बाबा कळवळून ओरडले. "हो म्हण ना एकदाची! हा पट्टा सोडायचा विसरलाय – हात बधिर झाला माझा!"

"हो!" मी म्हटलं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.

फुस्सकन हवा सुटली. बाबांचं बीपी मात्र सिस्टरबाईंना पुन्हा मोजावं लागलं, कारण आकडा बघायचंच तो विसरला होता.