वटवाघळांच्या झाडाखाली

पहाटे दूध आणायला खाली उतरले, तर आमच्या वाडीतल्या शिरीषाखाली एक माणूस प्लास्टिक अंथरत होता.

अंगात पांढरा झगा, हातांत मोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर मोठाला गॉगल. ऑक्टोबर लागला होता, तरी रात्री एक सर येऊन गेली होती. ठाकूरद्वारच्या रस्त्यावरचा दिवा ओल्या फरशीत थरथरत होता...

त्या झाडाखालून मी कधीच जात नसे. विहिरीला वळसा घालून, डोक्यावर ओढणी घेऊन जायचे. कारण वर ती असायची – फांद्याफांद्यांना उलटी लटकलेली वटवाघळं.

"ओ मिस्टर," मी लांबूनच हाक मारली, "पापड वाळत घालताय की काय?"

तो दचकला. "नाही हो... त्यांची शू गोळा करतोय."

"कुणाची?"

त्यानं बोट वर केलं. तेवढ्यात उशिरा घरी परतलेलं एक वटवाघूळ फडफडत फांदीला लागलं, आणि त्याच्या तोंडातलं अर्धवट खाल्लेलं बदामाचं फळ थेट या माणसाच्या टाळक्यावर – टप्!

"अरे, रव मरे जरा!" तो वर बघून मालवणीत ओरडला – थांब जरा म्हणून.

मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी मी अशी हसले असेन.

त्याचं नाव हितेंद्र गावडे. घर लालबागला, नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत. वाडीनं महापालिकेकडे झाड तोडायची परवानगी मागितली होती. आधी तपासणी होऊ दे, असं उत्तर आलं, आणि तपासणीच्या नावानं हा आला.

झाड तोडा म्हणणाऱ्यांत माझी आई सगळ्यांत पुढे होती. आणि तिच्या मागे मी, नूपुर.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत याच अंगणातून बाबा ॲम्ब्युलन्समध्ये चढले होते. आम्हाला खाली उतरू दिलं नव्हतं. आईनं गॅलरीतून विचारलं, "तिथं एसी असेल, मफलर घेतलात ना?" बाबांनी नुसता हात वर केला. तेवढंच. पुढे आम्हाला ते दिसलेच नाहीत. मग कुठेतरी वाचलं की असले रोग वटवाघळांतून येतात, आणि त्या दिवसापासून आईनं झाडाच्या बाजूची खिडकी उघडली नाही.

हितेंद्र येत राहिला. आणि मला दूध रोज थोडं थोडं लवकर लागायला लागलं...

एकदा त्यानं मला गणपती मंडळाच्या खोलीत बोलावलं. तिथं त्यानं टेबल मांडलं होतं. लॅपटॉपला एक इवलंसं यंत्र जोडलेलं.

"हे काय, स्टेपलर?"

"दिसायला तसंच. पण हे विषाणूंची जनुकं वाचतं. घाबरू नका, नळीतले जंतू आधीच निकामी केलेत." तो खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "पूर्वी याला फ्रिजएवढं मशीन लागायचं. आता हे खिशात घालून फिरतो. यानं वाचलेलं हा प्रोग्रॅम जगभरच्या विषाणूंशी ताडून बघतो. ओळखीचा आहे का, नवीन आहे का, माणसाच्या पेशीला चिकटेल का... तसा कुणी सापडला, तर लशीचा आराखडा आधीच करून ठेवायचा. म्हणजे पुढच्या वेळी –"

"पुढच्या वेळी म्हणू नका."

माझा आवाज मलाच परका वाटला. त्यानं लॅपटॉपवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. बाबांचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"ती वेळ येऊ नये म्हणूनच हो," तो हळूच म्हणाला. "नाहीतर पहाटे उठून शू गोळा करायची हौस कुणाला आहे?"

मी हसले. डोळे मात्र भरून आले. त्यानं दुसरीकडे बघितलं – म्हणजे तसं दाखवलं.

"मग झाड तोडलं की प्रश्नच मिटेल ना?" मी विचारलं.

"उलट आहे. हाकलली, घाबरवली, की ती जास्त विषाणू बाहेर टाकतात. इथून उडून दुसऱ्या कुणाच्या अंगणात जातील. त्यापेक्षा शेजारी कोण राहतंय, त्याच्याकडे काय आहे, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं."

संध्याकाळी वटवाघळं उडायच्या वेळी तो त्यांची मोजदाद करायचा. अंधारात ऊब टिपणारा कॅमेरा आणि आपोआप मोजणारा प्रोग्रॅम. मी पडद्यावर वाकले. काळ्या आकाशात केशरी ठिणग्या उधळत होत्या – एक, अनेक, मग सगळंच झाड उडाल्यासारखं! भीती वाटायच्या ऐवजी मी आणखी पुढे वाकले.

"सुंदर आहेत," मी पुटपुटले.

"हो." त्यानं कॅमेरा अलगद माझ्याकडे वळवला. "हे बघा, गाल किती तापलेत तुमचे."

"उकडतंय."

"हवा तर छान गार आहे..."

"गावडे, वटवाघळं मोजा!"

तो हसत वळला. त्या संध्याकाळी मी झाडाखालून सरळ चालत गेले. डोक्यावर ओढणी घ्यायची राहूनच गेली.

आणि मग एका सकाळी तो कपाळाला आठ्या घालूनच आला. मी दुधाची पिशवी घेऊन समोर उभी, तरी त्याला थट्टा सुचली नाही.

"काय झालं?"

"जनुकांचा एक तुकडा सापडलाय. कशाशीच जुळत नाहीये." त्यानं मास्क नीट केला. "कदाचित काहीच नसेल. पण वाडीला सांगायला हवं. आमचे साहेब म्हणत होते, खात्री झाल्यावर सांगू. भांडून परवानगी मिळवली. अफवा पोचायच्या आधी मी पोचायला हवं, नूपुर."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. पण ते मनात जपायची ती वेळ नव्हती.

संध्याकाळी अंगणात सगळे जमले. हितेंद्र टेबल मांडून बसला होता, शेजारी प्रयोगशाळेतून आलेली नर्स. तो बोलून संपायच्या आत तळमजल्यावरच्या चंपाकाकू उठल्या. "ते काय नाय! उद्याच्या उद्या करवत लावा!"

"काकू, जरा थांबा. आपल्यापैकी कुणाला याचा संसर्ग होऊन गेलाय का, हे रक्तातून कळेल. थोडं थोडं रक्त द्या. मग काय ते ठरवा."

"आता रक्तपण पायजे यांना!"

गोंगाट वाढला. आई मात्र शांतपणे पुढे आली.

"एक विचारू? हे तुमचं यंत्र तेव्हा असतं... तर नूपुरचे बाबा वाचले असते?"

हो म्हण, मी मनात म्हटलं. हो म्हटलंस तर आई तुझं सगळं ऐकेल.

"माहीत नाही, काकू," हितेंद्र म्हणाला. "नक्की वाचले असते असं मी म्हणणार नाही. तेव्हा मी लॅबमध्ये स्वॅब तपासायचो. दिवसरात्र नळ्या यायच्या. नळीवर नुसता नंबर. कदाचित काकांचीही माझ्या हातून गेली असेल... मला कळायचंच नाही कोण आहे ते. तेव्हा सगळं हाताबाहेर गेल्यावर आपण धावत होतो. मला एकदा तरी आधी पोचायचंय. बस."

वर फांद्यांमध्ये किचकिच चालू होती.

मी उठले. खरंच सांगते, त्या अंगणात माझ्याइतकं घाबरलेलं कुणी नसेल. मी बाही वर केली आणि त्याच्या टेबलाशी जाऊन बसले.

"घ्या," मी म्हटलं.

नर्सनं सुई टोचली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघत राहिले. माझ्यानंतर आई आली. आणि मग पुटपुटत, कडाकडा बोटं मोडत, चंपाकाकूसुद्धा.

वाट बघायचे दिवस फार लांब होते. त्याचा रोज मेसेज यायचा. 'ताप नाही ना?' 'नाही.' 'खोकला?' 'नाही.' 'जेवलात?' हा प्रश्न तपासणीत बसतो का, असं मी विचारलं, तर म्हणे, 'बसवलाय.'

अखेर रिपोर्ट आला. कुणालाही काही झालेलं नव्हतं. तो तुकडा वटवाघळांच्याच एका जुन्या विषाणूचा होता. माणसाच्या पेशीला चिकटायची त्याची ऐपतच नव्हती. तो नोंदला गेला, त्याच्यावर नजर राहणार होती. वाडीनं झाड ठेवलं. विहिरीवर छप्पर घातलं आणि जायची वाट पलीकडून केली. आईनं ती खिडकी पुसून घेतली – आणि उघडी ठेवली.

झाडाखाली आता एक यंत्र बसलं. नमुने आपोआप गोळा करणारं, आपोआप परळला कळवणारं. म्हणजे पहाटे कुणी यायची गरजच उरली नाही. हितेंद्रनं सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही घेतला – सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात जोडून! मेसेजही थांबले. थांबणारच. तपासणी संपली होती ना...

मी पुन्हा उशिरा दूध आणायला लागले.

गिरगावात एका चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. एका दुपारी तपासणीच्या खोलीचा पडदा सरला आणि तो आत आला. मास्क नाही, गॉगल नाही. दाढी नीट केलेली.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला.

"बसा."

मी दिवा मालवला. खोलीत फक्त समोरचा अक्षरांचा तक्ता उजळलेला. त्याच्या कानांवर तपासणीची फ्रेम चढवताना माझी बोटं त्याच्या केसांना लागली. तो श्वास रोखून बसला होता. मीसुद्धा.

"वाचा."

"क... म... ळ..."

"खालची ओळ?"

त्यानं तीही वाचली. मग त्याच्या खालची. अगदी तळातली, मुंगीएवढी ओळसुद्धा अडखळल्याशिवाय वाचली.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं. "मग कशाला आलात?"

"लांबचं नीट दिसतं मला. पुढची साथ, पुढचा विषाणू... रोज तेच बघतो." तो थांबला. "जवळचं बघायला जमतच नाही. त्या दिवशी हात जोडून निघालो आणि चर्नी रोडपर्यंत स्वतःला शिव्या घालत गेलो."

मी फ्रेम काढायला हात पुढे केला. हात तिथंच राहिला.

"मला भीती वाटते, हितेंद्र," मी म्हटलं. "माणूस आपलं झालं, की ते जाईल याची भीती सुरू होते. तुझ्याकडे त्यावर काही यंत्र आहे?"

मी 'तू' म्हटलं, हे माझं मलाच नंतर कळलं. त्याला आधी कळलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "यंत्र नाही. मी आहे."

बाहेरून मालकांचा आवाज आला, "नूपुर, पुढचे पेशंट बसलेत! किती वेळ?"

मी हात मागे घेतला नाही.

"थोडा लागेल, काका," मी म्हटलं.