पक्ष्याचा वाटा

दादा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मध हवा होता, म्हणून मी आणि इद्रिसामामा सकाळी रानात निघालो. आईने दादाची कुऱ्हाड काढून दिली ती मामाच्या हातात.

"बकालीला पक्षी येत नाही," ती म्हणाली. बकाली म्हणजे मी. मी तिथेच उभा होतो.

आमच्याकडे पोळं कुणी शोधत फिरत नाही. हाक घालायची, ब्रर्रर्र-हं. मग तो करडा पक्षी येतो आणि फांदीफांदीवरून पुढे उडत पोळ्यापाशी नेतो. मध आपला, मेण त्याचं. त्याचा वाटा हिरव्या पानावर ठेवायचा. नाही ठेवला, तर पुढच्या वेळी तो सिंहापाशी नेतो.

साबितीदादाने हाक घातली की पक्षी हजर. जीपमधले पाहुणे हत्ती सोडून त्याचे फोटो काढायचे. त्याच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला होता. त्या फटीतून हाकेच्या शेवटी बारीक शीळ निघायची. माझे दात सगळे धड होते. मला पक्षी एकदाही आला नाही.

दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी, पोळं काढून झाल्यावर, त्याने नेहमीसारखा मेणाचा एक घास चावला, उरलेलं पानावर ठेवलं आणि हसला. "बकाल्या, तूही हाक घालत जा. निदान माकडं तरी येतील."

तो पुढे गेला. मी ते मेण टाचेने मातीत गाडलं. एवढंच केलं मी. दुसऱ्या दिवशी पक्षी दादाला नदीकाठच्या झुडपात घेऊन गेला. दादाचं आम्हाला फारसं काही मिळालं नाही. आईला यातलं काही माहीत नाही. तुम्हालाच सांगतोय.

तर, दुपार झाली. नदी आटलेली. खडकाळ टेकड्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. घसा सुकेपर्यंत मी हाका घातल्या. मामा दगडावर बसून दुखरा पाय चोळत होता.

"पुरे रे. रानम्हशी बिथरतील."

मी गप्प झालो. मग किडेही गप्प झाले. वारा नव्हता, तरी कुठून तरी ओल्या मेणाचा वास आला.

ब्रर्रर्र-हं... आणि शेवटी बारीक शीळ.

"हां! आत्ता जमली," मामा म्हणाला. "अगदी साबितीसारखी."

मी तोंड उघडलं नव्हतं.

पक्षी आला. थेट माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसून चिरचिरू लागला. मी भ्यायला हवं होतं, पण मला रागच आला. मेला तरी पक्षी ह्याचाच! मामाच्या हातून कुऱ्हाड हिसकावून मी पक्ष्यामागे धावलो.

तो एका गोरखचिंचेवर थांबला. दहा पावलांवर तेच झुडूप होतं. मामा लंगडत आला, त्याने धूर केला, मी ढोली फोडली. डबा भरला. मामा तो घेऊन सावलीत बसला.

मी मोठं हिरवं पान तोडलं. दादासारखाच मेणाचा एक घास चावला आणि उरलेला सगळा तुकडा पानावर ठेवला.

"घे," मी हळूच म्हणालो. "सगळं घे. पण आता माझा हो."

पक्षी खाली उतरला नाही. मी मेणाकडे पाहिलं. दातांची ओळ उमटली होती... आणि मधोमध फट.

मी जिभेने दात चाचपले. सगळे धड.

पक्षी उडाला, झुडपावर जाऊन बसला आणि मला बोलावू लागला.

"मामा... घरी चल."

"अरे, चल काय?" मामा वैतागला. "एकीकडे पक्ष्याला हाका घालतोस, आणि वर मलाच घरी चल म्हणतोस?"

मी पुन्हा दात चाचपले. या वेळी जीभ फटीत गेली.