दोन किलो शिसं

त्या सकाळी मी डायव्हिंगचं सगळं सामान देऊन टाकायला तलावावर गेलो होतो. वेटसूट, मास्क, शिशाच्या वजनांचा पट्टा… बायको गेल्यापासून दीड वर्ष ते कपाटात लोंबत होतं, आणि मी कपाट उघडायचंच टाळायचो. आम्ही दोघं कायम जोडीनं पाण्यात उतरायचो. आता ती नाही, तर सामान कशाला?

डायव्हिंगच्या टाक्यांत हवा भरून देणारे भाऊ शेडमध्ये होते. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"घेतो की. पण आज एक काम करा. या बाईंची मैत्रीण सर्दीनं घरी बसलीय, आणि एकट्या माणसाला मी पाण्यात सोडत नाही. एवढी एक बुडी मारा. मग वाटलं तर सगळं इथेच सोडून जा."

नाही म्हणायलाही ताकद लागते. ती माझ्यात नव्हती.

भाऊ म्हणत होते ती बाई बाकावर वेटसूटशी झटापट करत होती. सूटच्या आत त्याच रबरी कापडाचा, निओप्रीनचा, आणखी एक जाड बनियन, डोक्यावर टोपी, पायांत मोज्यांवर मोजे.

"पाठीची चेन ओढता का जरा?" ती म्हणाली. "जोरात ओढा हो, मोडत नाही मी."

मी चेन ओढली. "बनियन घरी शिवलेला दिसतोय."

"टेलर आहे मी. गेल्या खेपेला थंडीनं दात वाजत होते. म्हटलं, आता बघतेच."

"आणि पट्ट्यावर वजन किती?"

"नेहमीचंच. सहा किलो."

"मग खाली जाणं विसरा. या कापडात हवेचे बुडबुडे भरलेले असतात. जेवढे थर, तेवढं तरंगणं. भोपळ्यासारख्या वर राहाल."

"ओळख व्हायच्या आधीच भोपळा!" ती हसली… मग तिची नजर माझ्या खांद्यावर थांबली, तिथून कमरेपर्यंत गेली. मला उगाच सावरून उभं राहावंसं वाटलं.

"तुमचा सूट कमरेला चार बोटं सुटलाय," ती म्हणाली. "घेतला तेव्हा तुम्ही असे नव्हता."

"नव्हतो."

"आजारी होता?"

"बायको गेली."

ती अरेरे म्हणाली नाही, त्याचं बरं वाटलं. तिनं माझ्या पट्ट्याकडे बघून विचारलं, "पट्ट्यावर किती आहे?"

"आठ. आधीचंच."

"मग तुम्ही दगडासारखे तळाला जाणार. अंगावरचं उतरलं, पट्ट्यावरचं तसंच राहिलं."

पाण्यात उतरून आम्ही वजनं तपासली. तरंगायच्या जॅकेटमधली हवा सोडायची, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा, आणि हातपाय न हलवता उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत थांबलं पाहिजे. तिच्या ते हनुवटीच्या वर येईना. मी मात्र डोक्यासकट खाली गेलो आणि खोकत वर आलो.

"चार किलो काढा," ती म्हणाली.

"दोन."

"अहो, चार!"

"दोनच… एकदम नाही जमत मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं. दोन तर दोन."

मी माझ्या पट्ट्यावरून शिशाचे दोन तुकडे काढले आणि तिच्या पट्ट्यात ओवायला लागलो. ती हात वर करून उभी. बोटं गारठलेली, बक्कल काही लागेना.

"वजन लावताय की गुदगुल्या करताय?"

"हलू नका म्हणजे लागेल."

"मी कुठे हलतेय? तुमचीच बोटं घसरताहेत."

घसरत होती खरी. थंडीनं म्हणालो. तिनं मान्य केल्यासारखं केलं.

आता तिचं पाणी बरोबर डोळ्यांशी आलं. आम्ही खाली गेलो.

तलावात बघण्यासारखं फार काही नाही. एक बुडालेली होडी, शेवाळलेला कातळ, भित्रे मासे. पण ती प्रत्येक गोष्टीपाशी थांबायची, बोट दाखवायची, आणि मी पाहिलं की नाही याची खात्री करूनच पुढे जायची. होडीपाशी माझ्या लक्षात आलं… बराच वेळ झाला, मी दमलो नव्हतो.

वर येताना पृष्ठभागाच्या थोडं खाली तीन मिनिटं थांबावं लागतं, शरीरातला वायू सावकाश निघून जावा म्हणून. तिथे ती वर सरकायला लागली. खोलवर दाबलेलं निओप्रीन पुन्हा फुगलं होतं, टाकीही संपत आल्यानं हलकी झाली होती. ती पाय मारत होती, तरी वरच चालली होती. तिचे डोळे मोठे झाले.

मी तिचा हात धरला. माझ्या पट्ट्यावर अजून जास्तीचं वजन होतं. तिला वर जायचं होतं, मला खाली. हात धरल्यावर दोघंही जागच्या जागी थांबलो. तीन मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. दुसरीकडे बघायला काही नव्हतंही.

वर आल्यावर जॅकेटमध्ये हवा भरली. आता धरायची गरज नव्हती. हात तसाच राहिला.

"चूक माझी," मी म्हणालो. "भरलेल्या टाकीनं तपासलं. संपत आलेल्या टाकीसाठी थोडं वजन जास्त लावायचं असतं. ते नेहमी आमची ही बघायची."

"आणखी काय काय बघायच्या त्या?"

दीड वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, विसर आता.

"माझी चेन बघायची," मी म्हणालो. "आणि खाली गाणी म्हणायची, नळी तोंडात धरून. कळायचं काहीच नाही, नुसते बुडबुडे."

"मला गाता येत नाही. आधीच सांगून ठेवते."

"आधीच म्हणजे…?"

"म्हणजे आधीच," ती म्हणाली आणि मास्क उगाच पुसत बसली.

"ऐका," मी म्हणालो. "तुमच्याबरोबर मला बरं वाटलं. तुम्ही आवडलात मला. पण मी अजून रडतो. कधीही, कुठेही. परवा भाजी घेताना रडलो."

"रडा की. फक्त मास्कमध्ये नको, काच धुरकट होते."

मी हसलो तर पाणीच तोंडात गेलं. ठसका थांबेपर्यंत ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली.

"मलाही तुम्ही आवडलात," ती हळूच म्हणाली. "आणि मला घाई नाही."

काठावर भाऊ वाट बघत होते. "काय मग? सामान ठेवून घेऊ?"

"सूट आता शिवायला जाईल," मी म्हणालो. "कमरेला सुटलाय."

भाऊ टाक्या उचलायला लागले. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. टेप जवळ नव्हता, म्हणून तिनं माझ्या पाठीवर वीत टेकवून माप घ्यायला सुरुवात केली.

"हलू नका," ती म्हणाली.

मी हललो नाही.