तेवढा एकच शब्द रेकॉर्ड होईना

पटलं तर बघा. हे मला मावशीने स्वतः सांगितलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही.

बुधवार होता. रात्रबित्र काही नाही, टळटळीत दुपार. जागा, स्टुडिओतली वाचायची खोली. कपाटाएवढी. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

मावशी तिथे कादंबऱ्या वाचते. लोक त्या कानात हेडफोन घालून ऐकतात. त्या दिवशीची कादंबरी तिच्या भाऊजींची होती. म्हणजे माझ्या थोरल्या मावशीच्या नवऱ्याची. थोरली वर्षापूर्वीच गेलेली.

कादंबरीत एक देखणा व्हॅम्पायर. चावत नाही, रक्त पीत नाही. बायकोच्या आयुष्यातले दिवस पितो. तेही विचारून.

आणि ती दर वेळी हसून म्हणते, "घे."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईने दिवसा नोकरी केली, घर ओढलं, यांचं लिखाण टाइप करून दिलं, दुखणी अंगावर काढली. ऐन चाळिशीत संपली. आणि हा बाबा लिहितो, तिने हसून दिलं!

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या," मावशी म्हणाली होती.

"तुझा आवाज थेट तिच्यासारखा आहे," भाऊजी म्हणाले. "तीच म्हणतेय असं वाटेल."

चोर तो चोर, वर शिरजोर. पण स्टुडिओशी करार झालेला. मावशी दातओठ खात बसली.

वाचनाआधी रिकाम्या खोलीची नुसती शांतता टिपून ठेवतात. मधे खोकला आला, तर तो कापून तिथे ही शांतता जोडायची. नेहमीची पद्धत.

मावशीने पान वाचलं.

"मॅडम, 'घे' राहिलं," रेकॉर्डिस्ट तिच्या हेडफोनमध्ये म्हणाला.

"म्हटलं की मी."

परत वाचलं. मागचं वाक्य आलं. पुढचं आलं. मधे... काहीच नाही.

माईक बदलला. तरी तेच.

काचेबाहेर रेकॉर्डिस्टशेजारी बसलेले भाऊजी वैतागले. "तिथे सध्या शांतता जोडा आणि ऐकवा मला."

रेकॉर्डिस्टने जोडली. भाऊजींनी हेडफोन लावले... आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे 'नको' कोण म्हणालं?"

"सर, ती नुसती शांतता आहे."

मावशी बाहेर आली. त्यांच्या कानांवरचे हेडफोन ओढून स्वतः लावले.

आधी काहीच नाही. मग एक श्वास... केसांची पिन दातांत धरून बोलायची ताईची सवय, तसा दबका आवाज.

"नको."

मावशी घाबरली नाही. भडकली. काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे बघून ओरडली, "आता म्हणतेस होय गं? तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

डोळ्यांतून घळाघळा पाणी.

कानात शांतता. आणि मग...

"तेव्हाही म्हणत होते."

हेडफोन मावशीच्या कानांवर होते. भाऊजींना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी ते खाली मान घालून पुटपुटले,

"मला वाटायचं, उगीच म्हणते."

ती कादंबरी मावशीने पूर्ण केली नाही. पुढे कुणी वाचली, तिला ठाऊक नाही.

ती अजून त्याच स्टुडिओत जाते. पण खोलीची शांतता टिपायची वेळ आली की बाहेर जाऊन उभी राहते. ताईची भीती नाही वाटत, म्हणते. ताई अजून काय सांगेल, त्याची वाटते.